‘हायड्रॉलिक बिघाड’ हे उत्तर नव्हे, तो प्रश्न आहे

२१ एप्रिल २०१३. बहरीनमधील साखीरचा ट्रॅक. फेरारीचा फर्नांडो अलोन्सो तिसऱ्या स्थानावरून सुटला होता. पहिल्या काही फेऱ्यांतच त्याच्या गाडीच्या मागील पंखाची हलती पट्टी उघडली आणि मिटेनाशी झाली. गाडी पिटमध्ये आली, पट्टी हाताने दाबून मिटवण्यात आली आणि गाडी पुन्हा ट्रॅकवर गेली. पुढच्याच वापरात पट्टी उघडली आणि पुन्हा तशीच अडकली. गाडीला दुसऱ्यांदा पिटमध्ये यावे लागले. त्यानंतरची सारी शर्यत अलोन्सोने ती यंत्रणा न वापरता पूर्ण केली आणि तो आठवा आला.

या प्रसंगात दोन वेगळी कामे झाली. पहिल्या खेपेस लक्षण दाबले गेले. दुसऱ्या खेपेस, कारण हाती लागेपर्यंत यंत्रणा वापरायची नाही, हा निर्णय घेतला गेला. पहिले काम काही सेकंदांचे होते आणि ते फसले. दुसऱ्याने स्थाने गमावली, परंतु गाडी आणि चालक सुखरूप राहिले. अभियांत्रिकीतील निदानाचा सारा धडा या दोन थांब्यांमधल्या अंतरात आहे आणि नेमका तोच धडा बातमीत येत नाही. बातमीत येतात दोन शब्द : ‘हायड्रॉलिक बिघाड’.

हे दोन शब्द निदान नाहीत. रुग्णाला ताप आहे, हे वैद्याने सांगितले तर रुग्णाच्या ज्ञानात भर पडत नाही, कारण ताप आहे हे सांगायलाच तो आलेला असतो. ताप हिवतापाचा, टायफॉइडचा की साध्या सर्दीचा, हे ठरते तेव्हा निदान होते आणि औषध त्यानंतर येते. पंख हलला नाही म्हणजे हायड्रॉलिक बिघडले, हे विधान त्याच जातीचे आहे. ते तक्रारीचे दुसरे नाव आहे. भारतातील विज्ञानवार्तेने याला आणखी सोयीचा पर्याय शोधून ठेवला आहे, ‘तांत्रिक बिघाड’. लोकल उशिरा आली, उड्डाण रद्द झाले, उपग्रहाचे प्रक्षेपण लांबले, की हा शब्द छापून येतो आणि वाचक पुढच्या बातमीकडे वळतो. शब्द इतका गुळगुळीत झाला आहे, की त्यामागे कोणता भाग, कोणता दाब, कोणता निर्णय होता, हे विचारण्याची सवयच मोडली आहे.

प्रथम यंत्रणा पाहू. फॉर्म्युला वनमध्ये डीआरएस ही व्यवस्था २०११ ते २०२५ या काळात होती. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ दरम्यान झालेल्या तीनही भारतीय शर्यतींत प्रेक्षकांनी ती पाहिली. मागील पंखात वर-खाली दोन पट्ट्या असतात. खालची स्थिर, वरची हलती. पुढच्या गाडीपासूनचे अंतर ठरलेल्या बिंदूवर एक सेकंदाच्या आत असले, की ठरवून दिलेल्या सरळ भागात मागच्या चालकाला वरची पट्टी उघडण्याची मुभा मिळे. दोन पट्ट्यांमधील मिटलेल्या स्थितीतील १० ते १५ मिलिमीटरची फट उघडून जास्तीत जास्त ८५ मिलिमीटर होई. हवेचा अडथळा घटे आणि गाडीचा वेग ताशी सुमारे १० ते १२ किलोमीटरने वाढे. त्याची किंमत अशी, की गाडीचा मागचा भाग रस्त्यावर दाबून धरणारे बलही घटे. म्हणून वळणापूर्वी, ब्रेक लावताच, पट्टी मिटलीच पाहिजे.

ही पट्टी हलवते ते एक चिमुकले सिलिंडर, ज्याला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. अशा गाडीतील हायड्रॉलिक तेलाचा दाब सुमारे २०० बार असतो. समजा पिस्टनचा व्यास अवघा १० मिलिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ साधारण ७८ चौरस मिलिमीटर आणि २०० बार दाबाला त्यावरचे बल सुमारे १५७० न्यूटन, म्हणजे १६० किलो वजनाइतके. करंगळीएवढ्या पिस्टनमध्ये दोन माणसे उचलण्याची ताकद येते, ती या गणितामुळे. दाब निर्माण करतो इंजिनवर चालणारा पंप. तोच पंप गिअर बदलतो, क्लच चालवतो, डिफरन्शियल सांभाळतो. पंखाची पट्टी ही त्या सामाईक विहिरीवरची एक लहानशी पन्हाळ आहे.

विहीर सामाईक आहे, या एका गोष्टीतून निदानाचा पहिला प्रश्न निघतो. पट्टी उघडली नाही त्या क्षणी गिअर नेहमीच्या वेगाने बदलत होते का? बदलत असतील तर पंप ठीक आहे, मुख्य दाब ठीक आहे आणि ‘हायड्रॉलिक गेले’ हे वाक्य तेथेच खोटे ठरते. दोष विहिरीत नसून पन्हाळीत आहे. एकही नट न सैलावता संशयाचे अर्धे क्षेत्र या प्रश्नाने मोकळे होते. तरीही शेतातल्या ट्रॅक्टरची लिफ्ट उचलेना किंवा जेसीबीचा बूम हळू झाला, की पहिला निकाल ऐकू येतो तो ‘पंप गेला’ असाच. त्याच पंपावर चालणारे दुसरे काम नीट होत आहे का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. पंप बदलण्याचा खर्च मात्र शेतकऱ्याला हंगामभर सोसावा लागतो.

आता धोक्याची बाजू. फॉर्म्युला वनच्या नियमांत एक अट स्पष्ट होती. यंत्रणा निकामी झाली, तर पट्टी आपोआप मिटलेल्या, अधिक पकड देणाऱ्या स्थितीत परतली पाहिजे. पट्टीची बिजागरी मागच्या कडेजवळ ठेवलेली असते, ती यासाठीच. समोरून येणारी हवा पट्टीला मिटण्याकडे ढकलते. तेलाचा दाब नाहीसा झाला, तर हवेने उरलेले काम करावे, अशी ही योजना आहे. कागदावर ती निर्दोष वाटते.

३१ ऑगस्ट २०१८ रोजी मोंझाच्या सरावात सौबरचा मार्कस एरिक्सन पहिल्या वळणाकडे ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने येत होता. त्याने ब्रेक लावला आणि पट्टी मिटली नाही. मागची चाके हलकी पडली, गाडी कुंपणावर आदळली आणि तिने कोलांट्या खाल्ल्या. चालक स्वतःच्या पायांनी बाहेर आला, याचे श्रेय सुरक्षित बांधणीला आहे. ‘निकामी झाल्यास मिटेल’ या नियमाने मात्र त्या क्षणी त्याला वाचवले नाही. कारण साधे आहे. तेलाचा दाब गेला तर पट्टी मिटेल, ही हमी दाब जाण्याबद्दलची आहे. दाब आत कोंडून राहिला, परतीची वाट चोंदली, व्हॉल्व्हचा आतला सरकता दांडा अडकला किंवा सांधा फिरून अशा कोनात गेला की हवाच त्याला घट्ट धरून ठेवील, तर ही हमी लागू होत नाही. ‘बिघाड’ हा एकच शब्द वापरणारा माणूस या चारही शक्यता एकाच पोत्यात भरतो. सुरक्षिततेची अट लिहिणाऱ्यानेही तेच केले, तर उद्या पाचवी शक्यता कोणाच्या तरी जिवावर बेतते.

बिघाडाच्या दिशेलाही म्हणूनच अर्थ आहे. पट्टी उघडली नाही तर वेळ जातो. पट्टी मिटली नाही तर जीव जाऊ शकतो. पहिला दोष स्पर्धेचा, दुसरा सुरक्षिततेचा. दोहोंना एकच नाव देणारी बातमी वाचकाला काहीच सांगत नाही.

याहून मोठा घोटाळा पुढे आहे. जुलै २०१८ मध्ये सिल्व्हरस्टोनच्या सरावात रोमँ ग्रोजाँची गाडी पहिल्याच वळणावर सुटली. एप्रिल २०२५ मध्ये सुझुकाच्या सरावात जॅक डूहनची गाडीही पहिल्या वळणावर प्रचंड वेगाने कुंपणावर गेली. दोन्ही वेळी पट्टी उघडी होती. पडद्यावर ही दृश्ये मोंझाच्या दृश्याची भावंडे वाटतात. गाडी वेगात, पट्टी उघडी, मागची पकड गेली, अपघात. परंतु या दोन अपघातांत यंत्र निर्दोष होते. त्या वळणांत चालक ब्रेक न लावता शिरतात. ब्रेक नाही, म्हणून आपोआप मिटण्याचा संकेतही नाही. पट्टी चालकाने स्वतः बटण दाबून मिटवायची होती आणि ती मिटवली गेली नाही.

लक्षण तेच आणि कारणे दोन टोकांची. डोळ्यांनी पाहून ती वेगळी करता येत नाहीत. ती वेगळी करते नोंद. मिटण्याचा आदेश निघाला होता की नव्हता, एवढी एक रेघ पुरते. आदेश निघूनही पट्टी हलली नसेल तर दोष यंत्रात. आदेशच नसेल तर दोष चालकाच्या निर्णयात, किंवा ज्याने असे वळण चालकाच्या स्मरणशक्तीवर सोडले त्या योजनेत. ही रेघ न पाहता ‘यंत्राने दगा दिला’ म्हणणारा यंत्रावर अन्याय करतो आणि ‘चालक चुकला’ म्हणणारा माणसावर. निदानाला नैतिक बाजू असते ती अशी. चुकीच्या माणसावर ठपका बसणे आणि खरा दोष तसाच पुढच्या फेरीला जाणे, हे दोन्ही अपराध अपुऱ्या निदानातून जन्मतात.

मग योग्य रीत कोणती? ती गूढ नाही. चार रेघा एकाच कालअक्षावर मांडायच्या. पहिली, चालकाचा आदेश. दुसरी, व्हॉल्व्हकडे गेलेला विद्युतप्रवाह. तिसरी, सिलिंडरपाशी असलेला तेलाचा दाब. चौथी, पट्टीची प्रत्यक्ष स्थिती. निरोगी यंत्रात या रेघा एकामागोमाग एक, ठरलेल्या विलंबाने उठतात. आजारी यंत्रात साखळी कोठेतरी तुटते आणि ती जेथे तुटते तेथे पाहायचे असते.

आदेश आहे आणि प्रवाह नाही, तर तेलाला दोष देण्याचे कारणच नाही. परवानगीचा संकेत, संगणक, तार किंवा जोडणी तपासावी. प्रवाह आहे आणि दाब नाही, तर व्हॉल्व्ह अडकला, नळी चोंदली किंवा मुख्य दाबच घसरला. यातले शेवटचे गिअरच्या नोंदीवरून कळते. दाब आहे आणि हालचाल नाही, तर हायड्रॉलिकने आपले काम चोख केले आहे. अडथळा बिजागरीत, सांध्यात किंवा वाकलेल्या पट्टीत आहे. हालचाल आहे पण मंद आहे, तर तेलात हवा शिरली असावी, आत गळती असावी किंवा वाट अरुंद झाली असावी. पट्टी उघडून थरथरत राहिली, तर सांध्यातील ढिलाई, पट्टीचा अपुरा ताठपणा आणि तेलातील हवा, या तिघांची चौकशी एकत्र करावी लागते.

तेलातील हवेबद्दल पाठ्यपुस्तके एक ओळ लिहून थांबतात. २०० बार दाबाखाली तेल जेमतेम एक-दीड टक्का आकसते, म्हणून ते घट्ट कांबीसारखे बल पुढे नेते. हवेचे तसे नाही. तोच दाब तिला मूळ आकारमानाच्या सुमारे दोनशेव्या भागापर्यंत चेपतो. तेलात बुडबुडे असतील तर पंपाने पाठवलेल्या तेलाचा पहिला भाग पट्टी हलवण्याऐवजी ते बुडबुडे चेपण्यात खर्च होतो. दाबाची रेघ आळसावून वर चढते आणि पट्टी उशिरा जागी होते. रेघेचा हा आळस ओळखता येणे म्हणजे बॉइल आणि पास्कल समजणे. दोघांची सूत्रे पाठ असणे ही त्याच्या पुष्कळ आधीची पायरी आहे.

यानंतर येतो तो सापळा, ज्यात हुशार माणसेही अडकतात. गाडी परत आणली, बटण दाबले, पट्टी टपकन उघडली आणि मिटली. ‘काहीच बिघाड नाही’ असा शेरा लिहिला गेला. हा शेरा अभियांत्रिकीतील सर्वांत घातक शेऱ्यांपैकी एक आहे. उभ्या गाडीवर हवेचा भार शून्य असतो. हवेचे बल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे ताशी १५० किलोमीटरच्या मानाने ३०० किलोमीटरला ते चौपट होते. मिटलेली पट्टी उघडताना सिलिंडरला हे सारे बल मागे ढकलावे लागते. सीलमधून आतल्या आत तेल निसटत असेल, तर उरलेला दाब गॅरेजमध्ये पट्टीचे वजन सहज उचलतो आणि ट्रॅकवर हवेपुढे हात टेकतो. आतली गळती जमिनीवर थेंब टाकत नाही. टाकीतील पातळी घटत नाही. कोरड्या फरशीकडे बोट दाखवून ‘गळती नाही’ म्हणणारा फक्त बाहेरच्या गळतीबद्दल बोलत असतो.

उष्णतेची कथाही तशीच. तापलेले तेल पातळ होते आणि झिजलेल्या सीलमधून अधिक निसटते. दोष पहिल्या फेरीत नसतो, दहाव्या फेरीत येतो आणि गाडी थंड झाली की नाहीसा होतो. म्हणून ‘काय बिघडले’ याच्या शेजारी ‘केव्हा बिघडले’ ही नोंद हवी. कोणत्या तापमानाला, कोणत्या वेगाला, कितव्या वापरात, हे लिहिलेले नसेल तर गॅरेजमधली चाचणी दोषाला भेटण्यापूर्वीच संपते.

मधूनच येणारा दोष किती छळतो, हे मे २०२२ मधील बार्सिलोनाच्या शर्यतीने दाखवले. पात्रता फेरीच्या अखेरच्या प्रयत्नात रेड बुलच्या मॅक्स वेर्स्टापेनची पट्टी उघडली नाही. शर्यतीतही ती कधी उघडे, कधी नाही. जॉर्ज रसेलच्या मागे तो फेऱ्यामागून फेऱ्या अडकून राहिला आणि रेडिओवर संतापला. पुढे आघाडीवरील शार्ल लक्लेरची गाडी बंद पडली आणि अखेर वेर्स्टापेनच जिंकला. मथळे अर्थातच विजयाचे झाले. विजय हा निदानाचा मोठा शत्रू आहे. हरलेल्या गाडीला प्रश्न विचारले जातात, जिंकलेल्या गाडीचा दोष टाळ्यांखाली दबतो. शेवटी सगळे ठीक झाले, म्हणजे यंत्रही ठीक होते, असे अनुमान कोणत्याही तर्कशास्त्रात बसत नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. शर्यतीच्या रात्री वेळ नसतो. कारण शोधत बसण्यापेक्षा सिलिंडर, व्हॉल्व्ह, नळ्या एकदम बदलून टाकणे शहाणपणाचे नाही का? त्या रात्रीपुरते आहे. रुग्ण अत्यवस्थ असताना वैद्यही तपासण्यांचे निकाल येण्यापूर्वी औषध सुरू करतो. परंतु औषध देण्याआधी तो रक्ताचा नमुना काढून ठेवतो. तीन भाग एकदम बदलले आणि यंत्र चालू झाले, तर तिघांपैकी दोषी कोण होता हे कधीच कळत नाही. जुने तेल ओतून टाकले तर त्यातील धातूचा कण, रबराचा तुकडा, पाण्याचा अंश, हे सारे साक्षीदार गटारात जातात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो. नाजूक व्हॉल्व्हमधील फटी काही मायक्रॉनच्या असतात. डोळ्यांना न दिसणारा कण व्हॉल्व्ह अडकवतो आणि सील झिजल्याची पहिली बातमीही असाच कण देतो. तेव्हा भाग जरूर बदलावा, पण काढलेला भाग न धुता, तेलाच्या नमुन्यासह आणि वेळेच्या नोंदीसह जपून ठेवावा. दुरुस्ती रात्री संपली तरी तपासाची फाइल उघडी राहिली पाहिजे. ‘बदला आणि विसरा’ ही घाईची गरज नसून आळसाची सबब आहे.

मोजमाप आणि कारण यांतील फरक नोव्हेंबर २०२१ मध्ये साओ पाउलो येथे ठळकपणे दिसला. पात्रता फेरीनंतर लुईस हॅमिल्टनच्या मर्सिडीजची पट्टी उघडून तपासण्यात आली. ८५ मिलिमीटरचे मोजमाप १० न्यूटन बलाने सरकवले असता ते फटीच्या एका बाजूला आरपार गेले. जादा अंतर मिलिमीटरच्या अंशाइतके होते. पंचांनी यात हेतू पाहिला नाही, काहीतरी बिघडले असावे हे मानले, तरीही त्याला पात्रता फेरीतून बाद केले. हा निर्णय योग्यच होता, कारण नियमाचा प्रश्न ‘फट किती’ एवढाच असतो. अभियंत्याचा प्रश्न ‘फट का वाढली’ हा असतो आणि पंचांच्या निकालाने तो सुटत नाही. विज्ञानवार्तेचे काम या दुसऱ्या प्रश्नापाशी सुरू व्हायला हवे. बहुतेकदा ते पहिल्यापाशीच संपते.

दुसरा आक्षेप देशी आहे. श्रीमंतांच्या मोटारींच्या पंखांशी भारतीय विद्यार्थ्याला काय देणे-घेणे? उत्तर असे, की दाबाखालचे तेल जात-वित्त पाहत नाही. विमानाची चाके त्यानेच खाली येतात, डंपरचा हौदा त्यानेच उचलला जातो, ट्रॅक्टरचा नांगर त्यानेच वर येतो. शर्यतीची गाडी ही या सर्वांची उघडी प्रयोगशाळा आहे. तेथे दोष लाखो डोळ्यांसमोर होतो आणि त्याची नोंद क्षणाक्षणाला घेतलेली असते.

निदान करणे या देशाला येत नाही, असेही नाही. १९ ऑगस्ट २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथे जीएसएलव्ही-डी५ चे प्रक्षेपण सुमारे सव्वा तास उरला असताना थांबवण्यात आले. दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळत होते. ‘गळती’ हा शब्द लिहून, जोड आवळून, पुन्हा उलटगणती सुरू करण्याचा मोह तेथेही होऊ शकला असता. इस्रोने तसे केले नाही. टाकीच्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूलाच ताण आणि गंज यांच्या संयुक्त परिणामाने तडे जातात, इथपर्यंत तपास गेला. दुसऱ्या मिश्रधातूची टाकी असलेला नवा टप्पा जोडला गेला आणि ५ जानेवारी २०१४ रोजी ते यान स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनासह यशस्वीपणे उडाले. गळती हे लक्षण होते, धातूची निवड हे कारण होते. या दोहोंमधील साडेचार महिने म्हणजे विज्ञान. त्या काळाची कथा मात्र यशाच्या छायाचित्रांइतकी कधीच सांगितली गेली नाही.

वर्गातही तेच चालते. द्रवयांत्रिकीच्या तोंडी परीक्षेत पास्कलचा नियम विचारला जातो आणि तो घडाघडा म्हणणाऱ्याला गुण मिळतात. दाबाची एक वाकडी रेघ समोर ठेवून ‘येथे काय झाले असावे आणि ते कसे पडताळाल’ असे विचारणारी परीक्षा विरळ. प्रयोगशाळेतील यंत्र नेहमी चालू स्थितीत दाखवले जाते. ते बिघडले की दारावर कुलूप लागते आणि दुरुस्ती करणारा माणूस बाहेरून येतो. खरे तर ते बिघडते त्या दिवशी कुलूप काढायला हवे. अभ्यासक्रमातला सर्वांत मोलाचा तास तोच असतो.

दरवर्षी कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत ही विद्यार्थ्यांची स्पर्धा भरते. स्वतः रचलेल्या, स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन देशभरातील संघ तेथे येतात. अशा एखाद्या संघाने हलता पंख बसवायचे ठरवले, मग तो तेलावर चालो, हवेवर वा विजेच्या मोटारीवर, तर पहिला खर्च पंखावर न करता संवेदकावर करावा. स्थिती सांगणारा संवेदक नसलेला हलता पंख हा दिखावा आहे, कारण तो बिघडला की संघाकडे अंदाजाखेरीज काहीही उरत नाही. निरोगी दिवशीच्या चारही रेघा आधीच काढून ठेवाव्यात. निरोगी नाडी माहीत नसलेल्याला रोगी नाडी ओळखता येत नाही. आणि बिघाडाच्या वहीत ‘हायड्रॉलिक फेल’ असे लिहिणाऱ्याला वही परत करून विचारावे : कोणता भाग, केव्हा, कोणत्या भाराखाली, आणि हे म्हणण्याचा पुरावा काय?

२०२६ च्या हंगामापासून फॉर्म्युला वनमधून डीआरएस गेले आहे. हलते पंख मात्र गेले नाहीत, ते वाढले आहेत. आता मागच्या पंखासोबत पुढचाही हलतो आणि त्यासाठी पुढच्या गाडीपासून एक सेकंदाच्या आत असण्याची अट उरलेली नाही. दोन टोकांचे पंख ताळ्यात हलले पाहिजेत. एक मिटला आणि दुसरा उघडा राहिला, तर गाडीचा तोल वळणाच्या तोंडाशी बदलेल. हलणारे भाग वाढले तशा बिघडण्याच्या वाटाही वाढल्या. येत्या काळात ‘पंखाचा बिघाड’ हे शब्द वारंवार कानी येतील आणि प्रत्येक वेळी ते वाचकाला झोपवण्यासाठी पुरेसे ठरू शकतील.

ते पुरेसे ठरू नयेत, हे वाचकाच्याच हाती आहे. बातमीने दोन शब्द दिले की विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तिसरा शब्द मागावा, आणि तो शब्द ‘का’ हा आहे. बहरीनच्या पिटमध्ये पट्टी हाताने दाबली गेली तेव्हा ती मिटली होती, हे कोणीही शपथेवर सांगू शकले असते. दोष तरीही गाडीतच बसून पुन्हा ट्रॅकवर गेला होता.